वरवंटा घरीच राहिला

ह्यांच्या कॅमेऱ्याच्या बॅगेचं वजन मी करते. गॅसचा सिलिंडर तोलायला म्हणून घेतलेला हुकाचा काटा आमच्या स्वयंपाकघरात आहे. त्याला बॅग अडकवायची, काटा थरथरायचा थांबेपर्यंत बघत राहायचं आणि मग आतून काय काय बाहेर काढायचं ते ठरवायचं, अशी पद्धत. हे शेजारी उभे राहून, चोरी पकडली गेलेल्या मुलासारखं तोंड करतात. आल्यागेल्याला हसू येतं. हसोत बापडे. नवऱ्याची छाती उघडून पुन्हा तारेने शिवलेली जिने बघितली आहे, तिला वजनाच्या बाबतीत विनोद सुचत नाही.

बायपास झाली तेव्हा डॉक्टरांनी बजावलं होतं, तीन महिने जड काही उचलायचं नाही. ह्यांचे तीन महिने केव्हाच संपले, माझे काही संपेनात. दुपारी हे आडवे झाले की मी काहीतरी निमित्त काढून खोलीत जायची आणि अंगावरची चादर वरखाली होते आहे ना ते बघून यायची. कपाटाचं दार उघडायचं, बंद करायचं, यायचं. एकदा ह्यांनी डोळे न उघडता विचारलं, "हलतेय ना?" मी इतकी दचकले की हातातल्या घड्या खाली पडल्या. हे हसले. मी त्या दिवशी संध्याकाळपर्यंत ह्यांच्याशी बोलले नाही.

आता लेन्सचं. हे पेणच्या शाळेत चित्रकला शिकवायचे. उभ्या नोकरीत ह्यांच्याकडे एक कॅमेरा आणि एकच लेन्स होती. पन्नासची म्हणतात तिला. लहान, हलकी, मुठीत मावणारी. ती लांबचं जवळ आणत नाही, जवळचं लांब नेत नाही, डोळ्याला दिसतं तेवढंच दाखवते. शाळेतली जुनी मुलं मोठमोठ्या लेन्स घेऊन घरी दाखवायला यायची तेव्हा हे त्यांना फैलावर घ्यायचे. "देवाने पाय कशाला दिलेत? चेहरा मोठा हवा तर दोन पावलं पुढे जा. लांब उभं राहून फोटो काढणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की चहा ओतता ओतता ओठ हलवून म्हणायची.

असा माणूस दवाखान्यातून घरी आला, आणि मुलीने "बाबा, तुम्हाला काय आणू?" असं विचारल्यावर लांबची लेन्स मागून बसला. सत्तर-दोनशे. मुलीने पुण्याहून आणून दिली. खोक्यातून ती बाहेर आली तेव्हा मला खरंच वाटलं, कुणीतरी पाट्यावरचा वरवंटा काळा रंगवून दिलाय. लांबीला तेवढीच, वजनालाही. मी तिथल्या तिथे तिचं नाव वरवंटा ठेवलं. छाती शिवलेल्या माणसाला बक्षीस काय, तर वरवंटा! मुलीला मी फोनवर जे सुनावलं ते ती अजून काढते.

वरवंट्यामागून आणखी दोन आल्या. एक सगळी खोली एका फोटोत मावेल अशी, एक अधलीमधली. आमच्याकडच्या दमट हवेत काचेला बुरशी धरते, म्हणून ह्यांनी माझा पोह्यांचा हवाबंद डबा पळवला आणि त्यात ओलावा शोषणाऱ्या पुड्या घालून चौघींना एकत्र कोंडलं. माझे पोहे पिशवीत आले आणि मऊ पडले. पोह्यांसाठी नावाजलेल्या पेणमध्ये राहून मऊ पोहे खायची पाळी माझ्यावर या कॅमेऱ्यापायी आली.

मग दर वेळी बाहेर पडायचं म्हटलं की वाद. हे म्हणायचे, चारही नेतो, तिथे काय लागेल काय सांगावं. मी म्हणायची, एकच. हे तिनावर यायचे. मी एकावरच. हे दोनावर यायचे आणि त्या दोनात वरवंटा असायचाच. धाकटी पन्नासची सोडायची तयारी असायची, ही मोठी सोडायची नाही. मला याचं नवल वाटायला हवं होतं. पण दुधाने तोंड पोळलेल्या माणसाचं सगळं लक्ष ताकाच्या वाफेकडे असतं. मला दिसायचा तो काटा आणि काट्यावरचं वजन.

उन्हाळ्यात एकदा आम्ही जवळच्याच गणपतीच्या कारखान्यात गेलो होतो. कारखानदार ह्यांचा जुना विद्यार्थी. आत ओळीने मूर्ती, कुणाचे हात लावायचे राहिलेले, कुणाची सोंड ओली, आणि मागे एक बाई स्टुलावर बसून डोळ्यांची आखणी करत होती. एरवी हे त्या बाईच्या कुंचल्याला नाक लागेल इतके जवळ गेले असते. त्या दिवशी दारातच उभे राहिले. वरवंटा लावला, चौकटीला टेकले आणि तिथून फोटो काढले. "सर, आत या ना," असं तो दोनदा म्हणाला. "नको रे, धूळ फार. लेन्समध्ये जाईल," हे म्हणाले. धूळ खरोखरच होती, प्लास्टरची, पिठासारखी. लेन्समध्ये नाही गेली आणि फुप्फुसातही नाही गेली, म्हणून मी मनातल्या मनात देवाला हात जोडले.

दुसरी एक सवय लागली होती. जिना चढताना मधल्या वळणावर हे थांबायचे आणि खिडकीतून बाहेर बघायचे. "काय झालं?" म्हटलं की, "उजेड बघ काय सुंदर पडलाय." बाजारातून येताना देवळाच्या कोपऱ्यावर थांबायचे. उजेड. गल्लीच्या तोंडाशी थांबायचे. उजेड. चित्रकलेचा मास्तर उजेड बघत थांबला तर त्यात शंका कसली घ्यायची? मीही शेजारी उभी राहून बघायची. कधी कधी खरंच सुंदर असायचा.

ह्यांचं मूळ घर रोह्याला. तिथे आता माझ्या जाऊबाई आणि त्यांचा मुलगा राहतात. थोरले दीर जाऊन बरीच वर्षं झाली. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी धावीर महाराजांची पालखी निघते तेव्हा आम्ही पेणहून जातोच, त्यात कधी खंड नाही. पहाटे देवळापाशी पोलीस सलामी देतात आणि पालखी गावात शिरते ती दारोदार थांबत. कुठल्या दाराशी किती वेळ रेंगाळेल सांगता येत नाही. आमच्या आळीत एक रीत आहे: त्या दिवशी पालखी दाराशी येऊन ओवाळून होईपर्यंत घरातल्या कुणी गाव सोडून जायचं नाही. ज्याची ड्यूटी असते तो धाटावच्या कंपनीत शिफ्ट बदलून घेतो. कुणाची परीक्षा असेल तर आई आधी परीक्षेलाच शिव्या घालते. गॅलरीतूनही बघायचं नाही, देवाच्या वर कोण उभं राहणार? सगळ्यांनी खाली, अनवाणी, रस्त्यावर.

हे तरुणपणापासून त्या पालखीचे फोटो काढत आले. पालखीच्या पुढे, अनवाणी, उलटं चालत. तोंड पालखीकडे, पाठ रस्त्याकडे, आणि भोयांच्या खांद्यांत आणि ह्यांच्यात हातभर अंतर. आमच्या आळीत घरटी एक तरी फोटो ह्यांचा आहे, कुणाची म्हातारी ओवाळतेय, कुणाचा नातू दांडीखालून जातोय. लोक म्हणायचे, मास्तरांना पाठीला डोळे आहेत. मला त्या उलट्या चालण्याची बायपासआधीही भीती वाटायची. आता तर दुप्पट. गर्दीत कुणाचं कोपर लागलं तर? त्या तारांवर?

म्हणून या खेपेला निघायच्या आधीच मी अट घातली. कॅमेऱ्याला लावलेली धाकटी लेन्स तेवढी न्यायची, बाकी सगळ्या डब्यात. आणि फोटो फक्त आपल्या आळीतले. पालखीबरोबर गावभर हिंडायचं नाही. भांडण होणार म्हणून मी पदर खोचून तयार होते. हे लगेच "बरं" म्हणाले.

निघताना मी बॅग तोलली, बरोबर भरली. मग सवयीने माझी कपड्यांची पिशवी उचलली, तर ती जड लागली. आत, जाऊबाईंसाठी घेतलेल्या साडीच्या घडीत, टॉवेलमध्ये गुंडाळलेला वरवंटा. माझ्याच पिशवीतून, माझ्याच हातून नेणार होते! मी तो काढून टेबलावर आदळला. नाही, आदळला नाही, काचेची भीती मलाही आहे, पण आदळल्यासारखा ठेवला. "काय हे? मला हमाल केलंत?"

हे पलंगाच्या कडेवर बसले होते. मला वाटलं आता काहीतरी टोमणा मारतील. ते म्हणाले, "एवढी एक नेऊ दे ना गं." आवाज अगदी खाली होता. आमच्या इतक्या वर्षांच्या संसारात ह्यांनी माझ्याकडे रागाने, लाडाने, मस्करीने बरंच काही मागितलंय, पण असं कधी नाही. पण मी जिंकत आले होते, आणि जिंकणाऱ्या माणसाला ऐकू कमी येतं. मी वरवंटा पोह्यांच्या डब्यात टाकला आणि डबा कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवला. हे उठले आणि चपला घालू लागले.

रोह्याला सकाळपासून आळी गजबजली होती. दारोदार सडे, रांगोळ्या, उंबऱ्यावर फुलं. ऑक्टोबरचं ऊन तापू लागलं होतं. पालखी मागच्या आळीत आली अशी बातमी येत होती, मग नाही, अजून त्याच्याही मागच्या आळीत आहे अशी. जाऊबाई ओवाळणीचं ताट झाकून पुन्हा पुन्हा दारात जात होत्या. त्यांचा मुलगा रात्रपाळी करून आला होता आणि झोप अनावर होऊनही डोळे ताणून बसला होता.

वाजंत्री जवळ आली तसे हे कॅमेरा घेऊन निघाले. "आळीतच," मी म्हटलं. "आळीतच," हे म्हणाले. मी दारात उभी राहून बघत होते. हे सावकाश चार-पाच घरं पुढे गेले आणि एका बंद दुकानाच्या पायरीवर बसले. उठून पुढे जातील, उलटं चालायला लागतील, म्हणून माझा जीव मुठीत. पण हे बसूनच राहिले. बसल्या बसल्या कॅमेरा डोळ्याला लावत होते, खाली घेत होते. मी जाऊबाईंना म्हटलंसुद्धा, "बघा, या वर्षी किती शहाण्यासारखे वागतायत."

"वय झालं गो आता," त्या म्हणाल्या. "पोरपण किती दिवस चालायचं."

पालखी आळीच्या तोंडाशी आली आणि पहिल्या घराशी थांबली. हे उठून परत आले. ओट्यावरच्या खुर्चीत बसले, पाणी मागितलं. कपाळावर घाम होता, पण घाम तर सगळ्यांनाच होता. मी पाणी दिलं, पंख्याचं तोंड त्यांच्याकडे वळवलं. हे भिंतीला डोकं टेकून रस्त्याकडे बघत राहिले. "बरं वाटतंय ना?" मी विचारलं. "मस्त," हे म्हणाले. तो शब्द ह्यांचा नव्हे. हे बरं म्हणतात, ठीक म्हणतात, मस्त कधी म्हणत नाहीत.

मला काही सुचेना, म्हणून मी त्यांच्या मांडीवरचा कॅमेरा उचलला आणि काढलेले फोटो मागे मागे नेत बघू लागले. बटण कुठलं दाबायचं ते मला येतं. घरी रोज संध्याकाळी मी पहिली प्रेक्षक असते.

पहिल्या फोटोत आळी होती. लांबलचक रस्ता, दोन्हीकडे माणसं, डावीकडे विजेचा खांब, आणि पार टोकाला काहीतरी चकाकणारं. ती पालखी होती. नखाएवढी. पुढचा फोटो, तोच खांब, तीच नखाएवढी पालखी. त्याच्या पुढचा, तोच. पालखी जराशी मोठी झाली होती, कारण ती स्वतः पुढे आली होती. खांब जिथल्या तिथे. प्रत्येक फोटोत भरपूर डांबरी रस्ता होता, रिकामा, ह्यांच्यापासून पालखीपर्यंतचा.

आधी मला राग आला. काय हे फोटो! शाळेतल्या पोराने असे काढले असते तर ह्यांनी कान धरला असता. दोन पावलं पुढे जायला काय झालं होतं? हे वाक्य मनात म्हटलं, आणि पुन्हा एकदा म्हटलं. दोन पावलं पुढे जायला काय झालं होतं.

कारखान्याचं दार आठवलं. जिन्याचं वळण आठवलं. देवळाचा कोपरा. उजेड. त्या सगळ्या जागा एकापुढे एक येऊन उभ्या राहिल्या, आणि प्रत्येक जागी हे थांबलेले, आणि मी मूर्खासारखी शेजारी उभी राहून ऊन बघतेय. लांबची लेन्स हवी होती ती जवळ जाता येत नव्हतं म्हणून. मी वजन कमी केलं आणि पावलं वाढवून ठेवली, आणि ती पावलं ह्यांच्याकडे नव्हतीच.

मी खाली बसले, ह्यांच्या गुडघ्याशी. "दुखतंय?"

"नाही."

"खरं सांगा."

ह्यांनी डाव्या हाताने जबडा चोळला. मग तोच हात खांद्याकडे नेला. छातीला हात लावला नाही, माझ्यासमोर लावायचाच नाही असं जणू ठरवलेलं. म्हणाले, "पालखी येऊन जाऊ दे. मग बघू."

म्हणजे दुखत होतं. सकाळपासून दुखत होतं, कदाचित त्याच्याही आधीपासून, आणि हा माणूस रीत मोडू नये म्हणून खुर्चीत बसून घाम पुसत होता. आमच्या आळीत जन्मलेला माणूसच हे करू शकतो. छातीत कळ आणि डोळे रस्त्यावर, देव दाराशी येईपर्यंत दम धरून.

मी पुतण्याला हाक मारली. "गाडी काढ. आत्ता." त्याने ह्यांच्याकडे एकदा बघितलं आणि किल्ली शोधायला धावला. जाऊबाई ताट घेऊन दारातच होत्या. त्यांचा चेहरा पांढरा पडला.

"अगो, चार घरांवर आलेत महाराज. असं उंबऱ्यावरून माणूस नेतात का? ओवाळून होऊ दे, मग त्यांच्याच आशीर्वादाने जा."

त्या वाईट बोलत नव्हत्या. खरं सांगते, माझ्याही मनात तेच होतं. देव चार घरांवर, आणि आम्ही त्याच्याकडे पाठ करून निघायचं. वाटेत काही झालं तर लोक काय म्हणतील ते सोडा, मीच मला काय म्हणेन? मला दोन्हीकडून भीती वाटत होती, आणि एक भीती दुसरीपेक्षा मोठी आहे की लहान ते ठरवायला वेळ नव्हता. मी म्हटलं, "वहिनी, तुम्ही ओवाळा. आमच्या वाटचंही ओवाळा." आणि ह्यांचा हात धरून उठवलं. हात ओला आणि थंड होता.

गाडी मागच्या बोळात होती, पण बोळ उघडतो तो आळीतच. तोंडाशी आलो तर समोर माणसांची भिंत. पालखी पुढे सरकून नेमकी तिथे येऊन ठेपली होती. पुतण्याने हॉर्न वाजवला. गुलालाने माखलेला एक माणूस काचेवर थापा मारत ओरडला, "ओ, गाडी मागं घ्या! दिसत नाय का, म्हाराज आलेत!"

मी काच खाली केली. त्याने आत बघितलं. ह्यांचं डोकं माझ्या खांद्यावर होतं.

"पेशंट हाय?"

मी मान हलवली.

"व्हय व्हय, थांबा." तो वळला आणि हात वर करून त्याने अशी आरोळी दिली की वाजंत्री थांबली. "सरा रे, सरा! मास्तर हायत आपले! वाट द्या!" भोयांनी दांड्या खांद्यावर तोलून पालखी एका बाजूला घेतली, भिंतीला लावली. उरलेल्या फटीतून गाडी निघाली. पालखी ह्यांच्या खिडकीपासून हातावर होती. फुलांचा वास आत आला, एका भोयाचा घामेजलेला दंड काचेला घासला. ह्यांनी हात जोडले. इतक्या वर्षांत पालखी हाताच्या अंतरावर आली आणि ह्यांनी कॅमेरा डोळ्याला लावला नाही, असं कधी झालं नव्हतं. कॅमेरा माझ्या मांडीवर होता. त्यांनी तो मागितला नाही. तेव्हा मी खऱ्या अर्थाने घाबरले.

रोह्यातल्या डॉक्टरांनी दवाखाना बंद असताना मागच्या दाराने घेतलं, ईसीजीची पट्टी काढली, जिभेखाली गोळी ठेवली, काहीतरी टोचलं आणि पनवेलला फोन केला. "बसा गाडीत, इथे वेळ घालवू नका," एवढंच बोलले.

कोलाडला हायवे लागला. त्या रस्त्याला हायवे म्हणायचं हा सरकारचा आणि आमचा जुना विनोद आहे. त्या दिवशी तो मला समजेना. प्रत्येक खड्ड्यागणिक मी ह्यांच्या छातीवर तळहात दाबून धरत होते, जणू माझ्या हाताने आतल्या तारा जागेवर राहणार होत्या. पुतण्या रडत गाडी चालवत होता, तेही मी बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं. मनात एकच होतं, बोलत राहायला हवं. गप्प झाले तर? म्हणून मी भांडायला लागले. तेवढंच मला नीट येतं.

"कधीपासून होतंय हे?"

"उन्हाळ्यापासून. चाललं की. बसलं की थांबायचं."

"आणि मला सांगावंसं वाटलं नाही?"

"तू चादर बघायला यायचीस," हे म्हणाले. "त्यात आणखी भर कशाला."

खांब गाव मागे पडलं. मी तळहाताखाली ठोके शोधत होते, कधी सापडत होते, कधी गाडीचा हादरा आणि ठोका यांत फरक कळत नव्हता. मग हे डोळे मिटूनच म्हणाले, "मोठी लेन्स असती ना, तर तुला कळलंच नसतं."

बोलताना ते किंचित हसलेही. मला त्या हसण्याचा इतका संताप आला आणि इतकं भरून आलं की मी ह्यांचा कान धरला. खराखुरा, शाळेतल्या मुलाचा धरतात तसा. पेण येऊन गेलं, आमच्या घराकडे वळणारा रस्ता येऊन गेला, तरी मी तो सोडला नव्हता.

पनवेलला आत नेलं तेव्हा बाहेर बसून मी काय केलं ते मला आठवत नाही. नंतर डॉक्टर सांगत होते की बायपासला जोडलेल्या नसांपैकी एक बंद होत आली होती, तार घालून ती उघडली, वेळेत आलात. वेळेत हा शब्द मी त्यांच्याकडून पुन्हा वदवून घेतला. आठवड्याने आम्ही पेणला घरी आलो. जाऊबाईंनी पालखीचा प्रसाद पाठवला होता, आणि निरोप, की त्या दिवशी आमच्या दाराशी महाराज खूप वेळ थांबले.

ह्याला आता काही महिने झाले. डॉक्टर चालायला सांगतात, म्हणून रविवारी सकाळी आम्ही बाहेर पडतो. पहिल्याच रविवारी ह्यांनी विचारलं, "काय, किती नेऊ?" हुकाचा काटा मी हातातही घेतला नाही. म्हटलं, "पन्नासची."

"आता तर तुला माहितेय. मोठी घेतली तर चालणं वाचेल माझं."

"म्हणूनच नाही," मी म्हटलं. "धाकटीने काढा. म्हणजे तुम्ही किती जवळ गेलात ते मला दिसेल."

ह्यांनी मान डोलावली. इतक्या वर्षांत लेन्सच्या बाबतीत आमचं पहिल्यांदा एकमत झालं. घरी आल्यावर मी फोटो बघते. हे समजतात की मी चित्र बघतेय, किंवा तसं समजल्याचं दाखवतात. मी चेहरे किती मोठे आलेत ते बघते. बाजारातल्या भाजीवालीच्या नाकातली चमकी स्पष्ट दिसली त्या दिवशी मी शिरा केला होता.

मागच्या गल्लीत एक बाई अंगणात पापड वाळत घालतात. हे दर रविवारी त्यांचे हात टिपतात. आधीच्या रविवारी बोटांच्या पेरांवरचं पीठसुद्धा दिसत होतं. काल मी कॅमेरा उघडला तर फोटोत अख्खं अंगण होतं, चटया होत्या, कुंपण होतं, कुंपणापलीकडचं अर्धं नारळाचं झाड होतं, आणि मध्ये कुठेतरी ती बाई.

"चौकटीत नारळ हवा होता मला," हे मागून म्हणाले. "चांगला आलाय ना?"

"छान आलाय," मी म्हटलं, आणि आत जाऊन दार लोटून घेऊन डॉक्टरांना फोन लावला.